‘कारण कळले नाही’ लिहिणारे फौजदार

बातमीत ‘चिमुकला’ हा शब्द लिहायचा नाही, हे मला संपादकांनी शिकवलं नाही. सहायक फौजदार बबन शितोळे यांनी शिकवलं.

मी तेव्हा गुन्हेवार्ता पाहत होते. रोज सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात जायचं, रात्रीत काय दाखल झालं ते विचारायचं, वहीत उतरवायचं. शितोळे यांच्याकडे अकस्मात मृत्यूच्या नोंदी असत. खून, अपघात की आजार, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही असे सगळे मृत्यू या नोंदीत येतात. त्यांच्या चौकशीला हवालदार आळीपाळीने जात. एक प्रकार मात्र कोणीच घेत नसे. झोपवलेलं तान्हं बाळ उठलंच नाही, असा कागद आला की तो न बोलता शितोळे यांच्या टेबलावर ठेवला जाई. त्यांनी कधी तो परत केला नाही.

“चिमुकला म्हंजे किती महिन्यांचा?” माझी एक बातमी समोर धरून त्यांनी विचारलं होतं.

“पाच.”

“मग पाच लिहा की. चिमुकला लिहिलं की वाचणाऱ्याला रडू येतंय. रडू आलं की त्याला कोणीतरी दोषी लागतो. आन् घरात त्या वेळी एकटी आईच असती.”

शितोळे खडकवासल्याच्या वाटेवरच्या एका गावचे. गाव कधीच शहरात आलं, पण त्यांच्या बोलण्यातला ‘हाय’ गेला नव्हता. लिहायला बसले की मात्र त्यांची भाषा बदले. अक्षर गोल, वाक्यं लहान, विशेषण एकही नाही. त्यांचा पंचनामा वाचताना एखाद्या शिस्तीच्या उपसंपादकाने त्यावरून हात फिरवलाय असं वाटे. “गादी कापसाची, जमिनीवर अंथरलेली. जाडी चार बोटे. बालकाचे डोके पूर्वेस. आईचे अंथरूण डावीकडे, दोन वीत अंतरावर. पंखा चालू. खिडकी एक, अर्धी उघडी.” मोजपट्टी त्यांच्या बॅगेत असे, पण ती ते शेवटी काढत. आधी वीत आणि बोटं. मोजपट्टी बघितली की घरच्यांना आपल्यावर संशय आहे असं वाटतं, हे त्यांचं कारण.

घरात शिरताना ते बूट बाहेर काढत आणि खुर्ची दिली तरी जमिनीवर बसत. पहिला प्रश्न मृत्यूचा नसे. बाळाला घरात काय म्हणून हाक मारायचे, हा असे. बारसं झालं नसलं तरी काही ना काही नाव असतंच. ते कागदावर कुठेच येत नसे, कारण कागदात ‘मयत बालक’ एवढंच लिहायचं असतं. पण त्यानंतरचं सगळं बोलणं शितोळे त्या नावाने करत.

दुसरी त्यांची पद्धत अशी की आईला सांगायला लावण्याऐवजी दाखवायला लावायचं. घरातलाच एखादा टॉवेल मागून घेत, त्याची बाळाएवढी गुंडाळी करत आणि आईच्या हातात देत. “ताई, झोपवलं तसं झोपवा. घाई नाय.” मग, “आन् सापडलं तसं ठेवा.” बायका बोलताना चुकतात, घाबरून वेगळंच सांगतात, सासूच्या तोंडाकडे बघून वाक्य फिरवतात. हात चुकत नाहीत, असं ते म्हणत. हे ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकदा झापलं होतं, की बाळ कसं झोपलं होतं तेच तुमच्या कागदात नाही, तर मी शरीर बघून काय सांगू? तेव्हापासून टॉवेल सुरू झाला.

तिसरी सवय मोबाइलमधले फोटो बघायची. शेवटच्या आठवड्यातले सगळे. आईबाप फोटो दाखवताना रडत, शितोळे मात्र बाळाच्या मागचं अंथरूण, उशी, पांघरूण बघत. हे मला ठाऊक असल्यामुळे त्यांची ती नजर कठोर वाटे. मी एकदा तसं बोलले, तर ते म्हणाले, “त्यांच्यासंगं रडायला नातेवाईक हायेत. अंथरूण बघायला मीच हाय.”

ठाण्यात एक तरुण उपनिरीक्षक नवीन आले होते. त्यांना प्रकरणं निकाली काढायची घाई असे. एका बाळाच्या कागदावरून त्यांनी शितोळे यांना सगळ्यांसमोर विचारलं, “शितोळे, खून आहे की नाही, एवढंच सांगा.”

“साहेब, तिसरं पण असतंय.”

“तिसरं काय?”

“कळत नाय, हे.”

“वरती काय सांगू मग? फौजदारांना कळत नाही म्हणून?”

“सांगा की. मला कळतंय असं वरच्यांना वाटत नायच.”

उपनिरीक्षक हसले. कागद मात्र तसाच वर गेला.

‘कळत नाही’ वर ते इतके का अडतात, याचं कारण मला बऱ्याच उशिरा समजलं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर असताना, अशाच एका बाळाचा पंचनामा त्यांनी केला होता. नातेवाईक म्हणाले, आईच्या अंगाखाली आलं. आईही नाही म्हणाली नाही. शितोळे यांनी लिहिलं, “आईच्या अंगाखाली दबून.” त्या वाक्याने कोणावर गुन्हा दाखल झाला नाही, पण नवऱ्याच्या घरच्यांनी बाईला माहेरी नेऊन सोडलं. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. बाळाच्या हृदयात जन्मापासूनचा दोष होता. शितोळे अहवाल घेऊन बाईच्या माहेरी गेले. ती घरात नव्हती, किंवा असून बाहेर आली नाही. वडील ओट्यावर उभे होते.

“मी सगळं सांगितलं,” शितोळे मला म्हणाले. “त्यांनी ऐकून घेतलं. बसा म्हणाले नायत. बरोबरच हाय त्यांचं.”

एवढंच. या प्रसंगावर त्यांनी आणखी एक शब्दही कधी वाढवला नाही.

एक प्रकरण मी स्वतः पाहिलेलं नाही, त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. बाणेरच्या एका मोठ्या सोसायटीत आयटीतलं जोडपं. बाळ चार महिन्यांचं, वेगळ्या पाळण्यात झोपलेलं, पाळण्यावर कॅमेरा. वडिलांकडे दूध कधी दिलं, लंगोट कधी बदलला, सगळं लॅपटॉपवर लिहिलेलं. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, “सर, दोन चाळीसला मी चेक केलं, ही वॉज अॅब्सोल्यूटली फाइन. यू कॅन सी द फुटेज.” शितोळे म्हणाले, बघू. आणि त्या दोघांबरोबर सोफ्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी दोन तासांचं चित्रण पुढे न पळवता पाहिलं. बाळ झोपलेलं. पडदा हलतोय. एकदा बाळाचा हात थोडा सरकला. बाकी काही नाही. शेवटी आई चित्रात येते आणि पाळण्यावर वाकते.

नेमकं कधी, ते त्या चित्रणात कुठेच दिसत नव्हतं.

“कॅमेऱ्याला पण कळलं नाय,” शितोळे त्या वडिलांना म्हणाले. “तुम्ही उशाशी जागे बसला असता, तरी तुम्हालाबी दिसलं नसतं.” त्यांच्या मते त्या दिवसाचं खरं काम तेवढंच होतं. बाकीचं टपालाने पाठवलं असतं तरी चाललं असतं.

वारज्याचं प्रकरण त्यांच्या निवृत्तीच्या वर्षातलं. त्यातली चूक माझी होती, म्हणून ते मला तपशिलाने आठवतं.

सकाळी साडेसातच्या सुमारास तीन महिन्यांच्या बाळाला रुग्णालयात आणलं, दाखल करण्यापूर्वीच मृत, अशी नोंद रुग्णालयाच्या पोलिस चौकीत होती. त्याखाली, बाळाला घेऊन आलेल्या नातेवाइकांचं म्हणणं लिहिलेलं होतं. मी पाच ओळींची बातमी दिली. पानात जागा चारच ओळींची होती. मी ‘नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द काढले, बातमी बसली. दुसऱ्या दिवशी छापून आलं : ‘आईच्या कुशीत गुदमरून बाळाचा मृत्यू’.

सकाळी ठाण्यात गेले तर शितोळे अंक उघडून बसले होते.

“काय पत्रकार, शवविच्छेदन तुम्ही केलंत व्हय?”

मी चौकीतल्या नोंदीचं नाव घेतलं.

“नोंदीत ‘असे सांगतात’ हाय. तुमच्यात कुठंय?”

मी जागेचं कारण सांगितलं. ते ऐकून त्यांनी अंकाची नीट घडी घातली आणि उठले. “चला. तुमच्या चार ओळी त्या घरात कशा वाचल्यात ते बघा. वही काढायची नाय. दारात उभं राहायचं.”

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. कुटुंब यवतमाळकडचं. मुलगा दिनेश एका कारखान्यात कामाला, त्याची आई बाळंतपणासाठी म्हणून येऊन राहिलेली. सून रेखा भिंतीला टेकून बसली होती. बाळाला आदल्या संध्याकाळीच पुरून आले होते. अंथरूण धुऊन वाळत घातलेलं, फरशी पुसलेली. शेजारच्या बायकांनी मदत म्हणून हे सगळं केलं होतं, आणि शितोळे यांना मोजण्यासारखं त्या घरात काही उरलं नव्हतं.

सासूच्या हातात आमचा अंक होता. कोणीतरी बातमीचा फोटो काढून यवतमाळच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला होता.

“पेपरात बी आलं,” ती म्हणाली. “मी म्हणत होती तेच आलं. हे झोपून होती. लेकरू बाजूले. अंगाखाली घेतलं असन, अजून काय? दिनेश, हिले गावी नेऊन दे. मले डोळ्यासमोर नाही पाहवत.”

दिनेश खाली बघत होता. रविवारची गाडी पाहिली आहे, असं तो हळूच म्हणाला.

शितोळे यांनी बाळाचं नाव विचारलं. ते रेखाने सांगितलं. बाळाला सोनू म्हणत. मग त्यांनी टॉवेल मागून घेतला. रेखाने जागा दाखवली, टॉवेल कुशीवर ठेवला, पाठीला दुपट्याची गुंडाळी लावली. मग तिचा हात टॉवेलच्या डोक्याकडे गेला आणि थांबला.

“इथं काय होतं का, ताई?”

“उशी होती. मोहरीची.”

तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी घालतात. घरोघरी घालतात. शितोळे यांनी ती कुठे आहे विचारलं. सासूने सांगितलं, गेलेल्या लेकराच्या वस्तू घरात ठेवत नाहीत, कालव्यात सोडली. शितोळे यांनी दिनेशच्या मोबाइलमधले फोटो बघितले, त्यात उशी होती. पिवळ्या कापडाची, वीतभर. त्यांनी ती लिहून घेतली. मग रेखाला विचारलं, ती जागी झाली तेव्हा बाळ कुठे होतं. तिने टॉवेल हलवला नाही. तिथेच होतं, म्हणाली. तिचं अंथरूण दोन हात लांब होतं.

“पण मी झोपली होती, साहेब,” ती म्हणाली. “मले काही माहीत नाही. आई म्हणतात तसं झालं असन तर मले कसं माहीत होईन?”

तिने हे कोणाला उत्तर म्हणून सांगितलं नव्हतं. ती खरोखर विचारत होती.

शितोळे यांनी तिला कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. नाव, सोसायटी काही न सांगता. सतत चालू असलेला कॅमेरा, दोन तास, काही न दिसलेलं. मग दिनेशकडे वळले. “तपासणीचा अहवाल यायला वेळ लागंल. तोवर मला यांचा जबाब पुन्हा लागंल. यवतमाळला कोण येणार? त्या इथंच राहतील.”

“किती दिवस?” सासूने विचारलं.

“अहवाल येईपर्यंत.”

खाली उतरल्यावर मी विचारलं, असा नियम कुठे आहे? “मी नियम म्हणालो नाय,” ते म्हणाले. “मला लागंल म्हणालो. लागंल की.” ते पुढच्या महिन्यांत तिथे चार वेळा गेले. जबाब एकदाच घेतला.

आम्ही दुरुस्ती छापली. आतल्या पानावर, तीन ओळी. शितोळे यांनी ते कात्रण त्या घरी नेऊन दिलं. त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला की नाही, हे मला माहीत नाही. दुरुस्तीचे फोटो फारसे कोणी काढत नाही.

अहवाल पाच महिन्यांनी आला. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. “येणार असाल तर या. तुमचंबी काम हाय त्यात.”

घरात तीच माणसं, त्याच जागांवर. शितोळे यांनी अहवाल सावकाश वाचला, इंग्रजी वाक्यं मराठीत करून. अंगावर जखम नाही. हाडं ठीक. विषाचा अंश नाही. आजार सापडला नाही. दाबल्याची खूण सापडली नाही. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली : मृत्यूचे कारण निश्चित करता येत नाही.

“म्हंजे काय?” सासू म्हणाली. “एवढे महिने लावले न? काहीतरी असनच.”

“असंल. कोणाला कळलं नाय.”

“मंग हे झोपून होती तेच...”

शितोळे यांनी तिचं बोलणं तोडलं नाही. ते संपू दिलं, मग दोरीवरचा टॉवेल घेऊन त्याची गुंडाळी केली आणि या वेळी तिच्या हातात दिली. “आजी, तुम्ही त्याला कसं झोपवत होता?”

“म्या? म्या चांगलीच झोपवे.”

“दाखवा.”

ती खाली बसली. टॉवेल कुशीवर ठेवला. पाठीला दुपट्याची गुंडाळी लावली. अगदी सुनेने लावली होती तशी, तेवढीच लांब. मग तिचा हात डोक्याकडे गेला. तिथे तो थांबला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

“उशी म्या शिवली होती,” ती म्हणाली.

रेखाने मान वर केली. पाच महिने जे वाक्य तिच्याबद्दल या घरात बोललं गेलं होतं, ते आता तिला बोलता आलं असतं. उशीमुळे झालं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. शितोळे तिच्याकडे न बघता मांडीवरच्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तिला मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

“आई, माह्या माहेरी बी घालतात,” रेखा म्हणाली. “सगळेच घालतात.”

सासू रडली नाही. टॉवेल तसाच धरून बसली.

“आजी, हे बघा,” शितोळे म्हणाले. “तान्ह्याला उशी घालू नये, हे डॉक्टर सांगतात. मी पण सांगतो. पण सोनू उशीनं गेला, असं डॉक्टरांनी लिहिलेलं नाय. आईमुळं गेला, असंबी लिहिलेलं नाय. जे लिहिलेलं नाय ते तुम्ही कोणाला म्हणायचं नाय. सुनेला नाय आन् स्वतःला पण नाय.”

दिनेश उठून आत गेला. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. शितोळे यांनी कागदावर तिघांच्या सह्या घेतल्या. टॉवेलचं त्यांनी काही लिहिलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी बातमी दिली. कारण अज्ञात, तपास बंद, कोणाचाही दोष आढळला नाही. या वेळी एकही शब्द कापू दिला नाही, त्यासाठी बाजूच्या पाण्याच्या बातमीतल्या दोन ओळी गेल्या.

शितोळे त्यानंतर दोन महिन्यांनी निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी शहरात नव्हते, पुढे भेट झाली नाही. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं जे शेवटचं दृश्य आहे, ते त्याच दुपारचं, वारज्याच्या इमारतीच्या जिन्यातलं.

आम्ही एक मजला उतरलो होतो. वरून कठड्यावर वाकून सासूने हाक मारली. “साहेब, पुढच्याले कसं झोपवाचं मग?”

शितोळे थांबले. तिच्या मागे, दाराच्या चौकटीत, रेखा उभी होती.

“उताणं,” त्यांनी वर बघून सांगितलं. “उशी नाय. तोंडाजवळ पांघरूण नाय. सपाट गादी. बास.”

“डोकं चपटं राहते न मग.”

“राहतंय थोडे दिवस. मग होतंय नीट.”

“नाही झालं तं?”

शितोळे यांनी टोपी काढली, पाठ फिरवली आणि त्या दोघींना आपलं डोकं मागून दाखवलं. ते फळीसारखं सपाट होतं.

“नोकरी लागली की,” ते म्हणाले. “लग्नबी झालं.”

वर कोणीतरी हसलं. दोघींपैकी कोण, ते खालून कळलं नाही. शितोळे यांनी टोपी घातली आणि उतरायला लागले.